लागू नसेल ते खोडा

घणसोली, सेक्टर नऊ. क्लबहाउसच्या मागच्या खोलीत
कॅरम आणि बंद पडलेल्या ट्रेडमिलच्या मध्ये
कुठल्याशा बुडालेल्या गेम झोनमधून स्वस्तात उचललेलं
एक कपाट उभं केलंय. आत काच, समोर दोन बंदुका,
एक लाल, एक निळी, साखळीनं बांधलेल्या.

वाघुलेबाई म्हणाल्या, मुलांसाठी योग्य की अयोग्य
तुम्हीच ठरवा कडूकाका, तुमचं आयुष्य सेफ्टीत गेलं.
गेलं खरं. तुर्भ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी धोक्याला रकाने आखून दिले:
किती लागेल, कितीदा लागेल, कुणाला लागेल.

रविवारी टेप घेऊन गेलो.
कोपरे गोल. अर्थिंग नाही, तसं लिहिलं.
आवाज, दार लावलं तर, जुन्या बॉयलरच्या निम्मा.
बंदुकीचं वजन पाव किलो. हे दोनदा करून पाहिलं.
इतक्या हलक्या वस्तूनं इतकी माणसं पडतात
हे कुठल्या रकान्यात बसवावं सुचेना;
पुढे गेलो.

रांगेत सहा पोरं. पहिली चार्वी, इयत्ता तिसरी,
डुगडुगत्या स्टुलावर उभी, जीभ ओठाच्या कोपऱ्यात.
पडद्यावर बंदर. कंटेनरच्या आडून
तोंड बांधलेली माणसं निघतात, पडतात,
आणि पडल्यावर दोन सेकंदांत पुसली जातात.
रक्त हिरवं. आईला हाक कुणी मारत नाही.
मारतात. पन्नाशीतली माणसंसुद्धा मारतात.
सत्त्याण्णव साली, तीन नंबरच्या रिॲक्टरपाशी
टॉर्च माझ्या हातात होता.

मध्येच एक जण हात वर करून पळत येतो.
नारिंगी हेल्मेट, एका हातात डबा.
चार्वीनं बंदूक खाली घेतली. तो जाईपर्यंत थांबली.
थांबण्यात तिच्या दोन लाइफ गेल्या.
"हा कामावरचा आहे," मला म्हणाली,
"पप्पा न्हावाशेव्याला क्रेनवर आहेत ना, तसा."
आणि मग पुन्हा धडाधड.

मग वेदांग. तो आधी डबेवाल्यालाच टिपतो,
कारण डबा उडतो, झाकण एकीकडे,
आतून पोळ्या गिरक्या घेत खाली येतात,
आणि सगळी पोरं खिदळतात.
मीही हसलो. छानच येतात त्या खाली, एकेक.
हे अहवालात घ्यायचं का?

"काका, आता तुम्ही."
नको नको म्हणत निळी हातात घेतली.
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे,
हे मी पोरांना सांगितलं नाही.
काहीतरी नारिंगी हललं, मी दाबलं.
परत हललं, परत दाबलं.
तीनदा. तिन्ही वेळा तोच.
पोळ्या पडत होत्या आणि या खेपेला
कुणीच हसलं नाही.

चार्वीनं माझं कोपर धरलं.
"आधी बघायचं, काका. मग ठरवायचं.
घाई नाही करायची."
काचेत आकडे उतरू लागले, दहा, नऊ, आठ,
नाणं टाका, नाहीतर संपलं.
माझा खिसा रिकामा. चार, तीन.
नाणं टाकलं ते वेदांगनं, स्वतःचं,
आणि म्हणाला, "होतं असं पहिल्यांदा."

आता रात्रीचे अकरा. कागद समोर.
अर्थिंग करून घ्यावे. स्टूल बदलावे.
दार उघडे ठेवावे, कुणी मोठ्याने सोबत बसावे
(कोणी? वय? दृष्टी?).
खाली छापलंय: योग्य / अयोग्य, लागू नसेल ते खोडा.

अशाच एका कागदावर, तीन नंबरच्या खाली,
मी दोन शब्द लिहिले होते, 'मानवी चूक',
आणि फाइल त्याच दुपारी बंद झाली होती.
सही माझी. अक्षर तेव्हा चांगलं होतं.

अजून काही खोडलेलं नाही.
वाघुलेबाईंना सांगेन, एक रविवार आणखी लागेल.
तोवर सुटे पैसे काढून ठेवलेत फ्रिजवर,
वेदांगचे पाच रुपये द्यायचे आहेत.